दुरुस्तीनंतरचा बिघाड

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांवर पुष्कळ विद्वानांची व्याख्याने झाली. आमच्या वाट्यास मात्र कार्यवाहांनी मोटारगाडीचा विषय दिला. तो ऐकून काही वडील मंडळींस हसू आले, असे आमच्या कानी आहे. ते साहजिकच म्हटले पाहिजे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. परंतु प्रथम एक जुनी पद्मिनी आणि तिच्यानंतर एक मारुती ८०० आम्ही वर्षानुवर्षे पदरी बाळगली, आणि शिक्षकाच्या पगारात जुनी मोटार बाळगणाऱ्यास थोडेबहुत यंत्रशास्त्र शिकल्यावाचून गत्यंतर नसते.

विषयाचे दुसरे कारण आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मंडपाबाहेर ज्या मोटारी उभ्या आहेत त्यांतील बहुसंख्य दुसऱ्याकडून घेतलेल्या, वापरलेल्या आहेत. आणि त्यांची दुरुस्ती करणाऱ्यांत आपल्याच ज्ञातीतील काही कष्टाळू तरुण आहेत. म्हणजे गाडीचा धनीही आपला आणि कारागीरही आपला. अशा स्थितीत दुरुस्त करून आणलेली गाडी जर पूर्वीपेक्षा वाईट चालू लागली, तर तो बिघाड इंजिनापुरता राहत नाही. तो घराघरांत शिरतो. त्याचे एक उदाहरण पुढे येईलच.

प्रथम तक्रारीचे स्वरूप पाहू. गाडी गॅरेजमधून आली. बिल चुकते केले. घरी येईपर्यंत ठीक वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेल्फ मारल्याबरोबर सुरू होत नाही. सुरू झाली तर थरथरते. सिग्नलपाशी बंद पडते. चढावर पिकअप घेत नाही. मध्येच झटके मारते. मालक म्हणतो, 'चांगली गाडी दिली होती, वाट लावून दिली.' कारागीर म्हणतो, 'आम्ही त्या भागास हातही लावलेला नाही.' आमच्या अनुभवाप्रमाणे हे दोघेही बहुधा खरे बोलत असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

यास्तव पहिली गोष्ट अशी की, बॉनेट उघडण्यापूर्वी तीन प्रश्न निरनिराळे करून विचारावेत. दुरुस्तीपूर्वी गाडीस नेमके काय होत होते? दुरुस्तीत काय केले? आणि आता नेमके काय होते? हे तीन प्रश्न एकात मिसळले की सगळा गोंधळ होतो. पूर्वीचीच तक्रार कायम असेल, तर रोगाचे निदानच चुकले असे समजावे. तेथे दुरुस्ती वाईट झाली असे म्हणता येत नाही, ती अस्थानी झाली. परंतु तक्रार नवी असेल आणि ती दुरुस्तीच्या दिवसापासूनच असेल, तर तिचे मूळ त्या दिवशी ज्या वस्तूंना हात लागले त्यांतच प्रथम शोधावे. निव्वळ योगायोगाने दुसरा भाग त्याच दिवशी नादुरुस्त होणे अशक्य नाही. पण योगायोगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आता 'हात लागलेल्या वस्तू' म्हणजे कोणत्या? येथेच बहुतेक लोक फसतात. बिलावर लिहिलेले असते, 'टॅपेट कव्हर पॅकिंग बदलले', किंवा 'प्लग बदलले'. हे मुक्कामाचे ठिकाण झाले. परंतु त्या मुक्कामास पोहोचण्यासाठी वाटेत एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो, रबरी नळ्या ओढाव्या लागतात, विजेच्या जोडण्या सोडवाव्या लागतात, एखादी तार बाजूस सारावी लागते. यांतील एकाचाही उल्लेख बिलात नसतो आणि कारागिराच्या स्मरणातही नसतो, कारण ते त्याच्या हाताच्या सवयीने घडते. मुक्कामाचे काम तो मन लावून करतो. बिघाड राहतो तो वाटेवर. म्हणून कारागिरास 'काय दुरुस्त केलेत?' असे न विचारता 'तेथे पोहोचण्यासाठी काय काय सोडविलेत?' असे विचारावे. आणि तो सांगेल त्याच क्रमाने, हात लावून, एकेक जागा पाहावी. आमच्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच, एक रुपयाही खर्च न होता उकलतात.

वाटेवर सर्वांत दगा देणारी वस्तू म्हणजे रबरी नळी. हिचे महत्त्व कळण्यास थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तेव्हा ज्वलन बरोबर होते. ही हवा किती आत जावी ते थ्रॉटलची झडप ठरविते. आपण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ही झडप जवळजवळ मिटते. इंजिन मात्र श्वास ओढीतच असते. त्यामुळे झडपेच्या आतल्या बाजूस हवेचा दाब पुष्कळ खाली येतो, बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. शहाळ्याचे पाणी नळीने ओढताना नळीस चीर असेल तर तोंडात पाण्याऐवजी हवा येते, हे मुलांनाही ठाऊक आहे. तद्वत् त्या आतल्या बाजूस जोडलेल्या एखाद्या नळीस चीर असेल, तिची क्लिप सैल असेल, किंवा पॅकिंग नीट बसले नसेल, तर तेथून चोरटी हवा आत शिरते. गॅरेजमधील मंडळी यासच 'एअर घेते' असे म्हणतात, आणि हा शब्द फार समर्पक आहे.

या दोषाची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडी उभी असताना थरथरते, किंवा तिचे आयडलिंग वर-खाली होत राहते. पण वेगात गेली की बरी चालते. कारण उघड आहे. उभ्या गाडीच्या इंजिनास हवा थोडीच लागते, त्यामुळे चोरटी हवा त्या मानाने फार ठरते. वेगात झडप उघडली की आत येणाऱ्या भरपूर हवेत तिचा हिशेब लागत नाही. याउलट, उभी असताना शांत पण चढावर, चार माणसे बसल्यावर, झटके देणारी गाडी बहुधा ठिणगीच्या बाजूने आजारी असते. इंजिनावर भार आला की सिलिंडरातील दाब वाढतो, आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी उडविण्यास अधिक विद्युद्दाब लागतो. तेव्हा अशक्त कॉइल, तडा गेलेला प्लग किंवा जुनी तार हार खाते. ही दोन लक्षणे ज्यास ओळखता आली, त्याचा अर्धा शोध संपला.

चोरट्या हवेचा शोध कानाने लागतो. हातभर लांबीच्या नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडांच्या जवळून फिरवावे. जेथे सूं असा आवाज येईल तेथे थांबावे. फिरता पट्टा आणि पंखा यांपासून मात्र हात, नळी आणि पदर दूर ठेवावा. काही जण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा उडवून आवाज बदलतो का ते पाहतात. तो प्रकार आमच्या डोळ्यांदेखत एकदा पेट घेता घेता राहिला. आपण कोणी तसे करू नये. चांगल्या गॅरेजात आता धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र असते, ते वापरावे.

आता ते उदाहरण. दोन वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एका गृहस्थांच्या लहान पेट्रोल गाडीस टॅपेट कव्हरपाशी ऑइल गळू लागले. गाडी आपल्यातीलच एका तरुण कारागिराकडे दिली. तो आमचा जुना विद्यार्थी. त्याने पॅकिंग बदलले, प्लग नवे घातले आणि संध्याकाळी गाडी पोहोचती केली. ऑइलची गळती पूर्ण थांबली. पण दुसऱ्या दिवसापासून आयडलिंग वर-खाली होऊ लागले आणि सिग्नलपाशी गाडी बंद पडू लागली. गृहस्थांच्या मेहुण्याने मत दिले की, पोराने चांगले प्लग काढून घेतले आणि जुने पुसून बसविले असतील. झाले! गृहस्थ त्या मुलाकडे परत गेलेच नाहीत. त्यांनी दुसरे गॅरेज गाठले. तेथे थ्रॉटल साफ केला, मग कॉइल बदलली, मग पेट्रोलचा पंप बदलला. अकरा हजार रुपये गेले आणि गाडी होती तशीच राहिली. इकडे मुलाने सांगावयास सुरुवात केली की, त्यांनी कोठे तरी भेसळीचे पेट्रोल भरले असेल. एका लग्नाच्या मांडवात चारचौघांत शब्दाला शब्द लागला. दोन्ही घरांत सोयरिकीचे बोलणे चालू होते, ते थांबले. आणि त्या मुलाच्या गॅरेजकडे आपल्या लोकांची पावले वळेनाशी झाली. ज्याने कर्ज काढून शेड उभारली त्याच्यावर चोरीचा आळ म्हणजे काय, हे सांगावयास नको.

प्रकरण मंडळाकडे आले आणि आम्हांस व आणखी एका सभासदास पाहणी करण्यास सांगण्यात आले. दोघांनाही गाडीपाशी उभे केले. गृहस्थांस गप्प राहण्याची विनंती केली, ती त्यांनी मोठ्या कष्टाने पाळली. मग आम्ही त्या मुलास वर्गात विचारावे तसे विचारले, 'बाळ, टॅपेट कव्हर काढण्यापूर्वी काय काय सोडवावे लागते ते क्रमाने सांग.' तो बोटे मोजू लागला. एअर फिल्टरचा डबा. कॉइलच्या जोडण्या. कॉइली. मग कव्हरमधून इंजिनाची वाफ परत आत नेणारी जाड रबरी नळी. येथे तो स्वतःच थांबला आणि काही न बोलता बॉनेटमध्ये वाकला. नळी जागेवर होती, क्लिपही होती. वरून पाहणाऱ्यास काहीच दिसले नसते. पण वळणाच्या खालच्या अंगास नखाएवढी चीर होती. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ताठरलेले रबर ओढताना तडकले होते. त्याने इंजिन चालू ठेवून ती चीर चिमटीत दाबून धरली आणि आयडलिंग एकदम स्थिर झाले. नवी नळी दोनशे रुपयांच्या आत मिळाली. दुसऱ्या गॅरेजातील मंडळींनी साफ केलेला थ्रॉटल आणि बदललेली कॉइल त्या नळीपासून वीतभर अंतरावर होती.

त्या अकरा हजारांचा भार कोणी सोसावा यावर मंडळास तीन बैठका घ्याव्या लागल्या. आमचे मत आम्ही तेव्हाही लपविले नाही व आजही लपवीत नाही. नळी बसविल्यावर ती वाकवून पाहणे आणि गाडी पंधरा मिनिटे चालवून मगच देणे हे त्या मुलाचे काम होते, म्हणून नळीचे पैसे आणि पहिली मजुरी त्याने सोडावी. परंतु ज्याने काम केले त्याच्याकडे एकवार तरी परत जाणे हे गृहस्थांचे काम होते. ते न करता झालेला खर्च त्यांचा त्यांनी सोसावा. अखेर तसेच ठरले. मेहुणे अजून आमच्याशी बोलत नाहीत.

ज्यांच्याकडे जुन्या धाटणीच्या गाड्या अजून आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तरी हौसेने सांभाळलेल्या गाड्या आपल्या गावांत आहेत. पद्मिनीच्या चार सिलिंडरांत ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते. प्लगच्या तारा काढून लावताना दोन तारांची अदलाबदल झाली, तर दोन सिलिंडर मुकाट होतात, गाडी फटाके वाजविते आणि मालकास वाटते की इंजिन गेले. तारा काढण्यापूर्वी त्यांस सुताने खुणा कराव्यात, एवढाच उपाय. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. डेल्कोतील पॉइंट बदलून त्यांची फट ठीक केली की काम झाले, असे समजतात. वास्तविक फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीची वेळही अलीकडे सरकते. फट कमी झाली की ती मागे पडते. म्हणून पॉइंटनंतर टायमिंग पुन्हा तपासणे हे त्याच कामाचा भाग आहे. वेळ मागे पडलेली गाडी ओढत नाही व तापते. पुढे गेलेली चढावर टणटण वाजते. पॉइंट बदलल्यावर ज्या गाडीची ओढ गेली, तिचा कार्ब्युरेटर कोणी खोलू लागला तर त्याचा हात धरावा.

टायमिंग बेल्टची गोष्टही याच जातीची. मारुती ८०० मध्ये तो आहे, इतर पुष्कळ गाड्यांतही आहे. बदलताना तो एक दात जरी पुढेमागे बसला, तरी गाडी सुरू होते, चालते, पण अंगात जीव नसल्यासारखी. नव्या बेल्टनंतर ओढ कमी वाटली तर आधी खुणा जुळवून घ्याव्यात, आणि खुणा जुळेपर्यंत गाडी पिटाळू नये. काही इंजिनांत बेल्ट फारच चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

नव्या प्लगविषयी एकच सांगावयाचे. पाना तिरपा झाला की चिनी मातीच्या भागास केसासारखा तडा जातो, तो डोळ्यांस दिसत नाही. त्यासाठी जुने प्लग घरी आणून ठेवावेत. शंका आली की एकेका सिलिंडरात जुना घालून पाहावे. दोष त्या प्लगबरोबर हलला की न्याय झाला. चालू इंजिनावर हाताने तारा उपटून पाहण्याची जुनी रीत मात्र नव्या गाड्यांवर करू नये. धक्का जबर बसतो आणि कॉइलही जाते.

इंजेक्शनच्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. दुरुस्तीसाठी बॅटरीची तार सोडविली की गाडीतील संगणक आपल्या इंजिनाविषयी हळूहळू शिकलेले धडे विसरतो. मग पहिले काही दिवस आयडलिंग परके वाटते. हा बिघाड नव्हे. काही गाड्या दोनचार फेऱ्यांत सावरतात, काहींना यंत्र लावून धडा पुन्हा शिकवावा लागतो. सुट्टीनंतर शाळेत आलेल्या मुलास पहिल्याच दिवशी नापास करू नये, एवढे धैर्य येथे पुरते.

आणि ते यंत्र, म्हणजे स्कॅनर. २०१० सालापासून आपल्याकडील नव्या गाड्यांत दोष सांगणारी व्यवस्था टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि स्कॅनर खेडोपाडी पोहोचला. ही मोठी सोय आहे; पण तिचा अर्थ लावणारे थोडे. स्कॅनर 'मिश्रणात हवा जास्त' असे दाखवितो. हे वाचून सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. त्या बिचाऱ्या सेन्सरने फक्त साक्ष दिलेली असते. चोरटी हवा दुसरीकडेच शिरत असते. साक्षीदारास शिक्षा आणि तीही ग्राहकाच्या पैशाने! म्हणून स्कॅनरवर आलेले अंक कागदावर उतरवून घ्यावेत, आणि ते पुसण्यापूर्वी, कारण एकदा पुसले की पुढच्या कारागिरास तो पुरावा मिळत नाही.

काही साध्या वस्तू राहिल्या, त्या भरभर सांगतो. पेट्रोलच्या फिल्टरवर बाण असतो, तो प्रवाहाच्या दिशेने आहे ना ते पाहावे. एअर फिल्टरचा डबा चारही बाजूंनी बसला आहे ना, आत एखादे फडके तर राहिले नाही ना, ते पाहावे. आम्ही ते निघालेले पाहिले आहे. जोडण्या 'टक' असा आवाज होईपर्यंत बसलेल्या असाव्यात. आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी, चालवून पाहावी, उपयोग न झाल्यास जुनी परत घालावी. चार वस्तू एकदम बदलून गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली हे कोणासच कळत नाही आणि पैसे चारांचे जातात.

आपल्या तरुण कारागिरांस आमची एक सूचना आहे. दोन पानांची वही ठेवावी. गाडी येताच मालकाच्या शब्दांत तक्रार लिहावी. काम करताना जे जे सोडविले ते लिहावे. बदललेले जुने भाग पिशवीत घालून मागणी नसतानाही परत द्यावेत. आणि गाडी देताना मालकास शेजारी बसवून एक फेरी मारावी. ताठरलेली रबरी नळी दिसली तर ती ओढण्यापूर्वी मालकास फोन करावा. दोनशे रुपयांस आधी होकार सहज मिळतो, नंतर मिळत नाही. मालकांनीही त्या फेरीस नकार देऊ नये. 'घाई आहे, ठेवून जा' असे म्हणणाऱ्यास दुसऱ्या दिवशी ओरडण्याचा अधिकार निम्माच उरतो.

आता शेवटचा मुद्दा. काही वेळा शोध करीत बसावयाचे नसते. दुरुस्तीनंतर इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला, तर ठिणगी चुकून न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतील शुद्धीकरणाच्या भागात जात आहे असे समजावे; तो भाग तापून वितळतो आणि फार महाग असतो. गाडी बाजूस घ्यावी. बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारूच नये. ब्रेकचे काम झाल्यावर गाडी हलविण्यापूर्वी जागेवरच पेडल चारपाच वेळा दाबावे. ते कडक न होता खाली जात असेल, तर गाडी अंगणाबाहेर काढू नये. चाक उतरविले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. या चार प्रसंगी गाडी गॅरेजला नेण्याचा आग्रह धरू नये. कारागिरास घरी बोलवावे, आणि तो येईपर्यंत किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.